मागे वाढवलेली खोली: वर्ष होत आलं, आता सांध्याबद्दल बोलू

खोली आवडली आहे, हे आधीच सांगतो. स्वयंपाकघरामागची भिंत पाडून बीम टाकला, मागे एक खोली काढली, घर ऐसपैस वाटायला लागलं. तरी हे लिहायला बसलो ते जुनी आणि नवी भिंत जिथे भेटते त्या उभ्या रेषेमुळे. पहिल्याच मोठ्या पावसात तिथून पाणी उतरलं, थेट नव्या कपाटावर.

कोटेशनमध्ये विटा, सळई, फरशी, रंग, अगदी राडारोडा उचलण्याचीही वेगळी ओळ होती. सांध्याची नव्हती. सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

जुन्या घराचा पाया बसायचा तेवढा केव्हाच बसलेला असतो. नव्या पायाखालची माती भार आल्यावर दबते आणि नवं बांधकाम काही मिलिमीटर का होईना, खाली जातं. शिवाय स्लॅब उन्हाने प्रसरण पावतो, गारव्याने आकसतो. म्हणजे दोन्ही भिंती आपापल्या तंत्राने हलणार. आमच्याकडे मात्र दोन्हींवरून सलग प्लास्टर, पुट्टी आणि रंग. सांधा कुठे आहे ते दाखवा म्हणाल तर सापडू नये, इतकं गुळगुळीत. थोड्याच महिन्यांत वरपासून खालपर्यंत भेग पडली.

ठेकेदार म्हणाला, "हेअरक्रॅक आहे साहेब, सगळीकडे येतात." पुट्टी भरून रंगाचा हात मारून गेला. पुन्हा तेच. मग मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकली आणि मधोमध कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी फाटली आणि भेग पेन्सिलच्या रेघेपुढे सरकली. फोटो पाठवल्यापासून ठेकेदारसाहेबांचा फोन लागेना.

तोपर्यंत काम भिकार झालंय असंच माझं मत होतं. ओळखीतले एक इंजिनियर येऊन बघून गेले आणि राग निम्मा उतरला, निम्मा दुसरीकडे वळला. भेग येणारच होती. ठेकेदाराचं तेवढं खरं. पण हलणार हे माहीत असलेली गोष्ट प्लास्टरने जखडून ठेवायची कशाला?

दुरुस्ती दुसऱ्या माणसाकडून करून घेतली. रेषेवरचं प्लास्टर कापून फट मोकळी केली, आत थर्मोकोल, त्यावर फोमची गोल दोरी, वरून पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचिक मसाला. ती दोरी टाळू देऊ नका. तिच्यामुळे सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटतं, तळाला नाही, म्हणून रबरासारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर फाटतं.

वर ॲल्युमिनियमची पट्टी. आणि इथे मी अडून बसलो: स्क्रू एकाच बाजूला! कारागिराने सवयीने दोन्ही भिंतींत ड्रिल मारायला घेतलं होतं. दोन्हीकडे आवळली की पट्टी वाकणार, नाहीतर स्क्रू उपटणार. "एका बाजूने ढिली राहील," तो कुरकुरला. राहू दे की, ती ढिली राहायलाच हवी.

गच्चीवरचा प्रकार वेगळाच निघाला. नव्या स्लॅबचा उतार जुन्या भिंतीकडे! पाणी साठवून घ्यायची चाचणी पास झाली होती, कारण तिने फक्त स्लॅब तपासला. जुन्या भिंतीवरून ओघळून सांध्यात शिरणारं पाणी तिच्या हिशेबातच नव्हतं. आता उतार बाहेरच्या बाजूला केलाय. जुन्या भिंतीत आडवी खाच पाडून पत्र्याची झालर बसवली आहे, जी सांध्यावरून नव्या बाजूला पाणी टाकते. त्यानंतरच्या पावसात कपाट कोरडं. भेगेसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरात म्हणणारे आता गप्प आहेत.

बाकीचं थोडक्यात. बीम टाकताना टेकू घाईने काढले नाहीत, ते काम चोख. मधली खोली अंधारी झाली, कारण तिची मागची खिडकी नव्या खोलीत गेली. दारावर काचेचा झरोका घेतला म्हणून दिवसा दिवा लावावा लागत नाही. या एका खर्चाबद्दल माझी अजिबात कुरकुर नाही.

दारातली फरशी मात्र तडकली आहे, कारण तीही सांध्यावरून आडवी टाकलेली. त्याच लॉटच्या थोड्या फरश्या मी तेव्हाच हट्टाने बाजूला काढून ठेवल्या होत्या. पण नवी बाजू अजून बसत असेल तर त्याही फुटतील, म्हणून आणखी एक पावसाळा जाऊ देणार आणि मग सांध्यावर फरशी कापून पट्टी घालणार. ठेकेदाराची शेवटची रक्कम अजून माझ्याकडेच आहे. त्यातून आधी दुरुस्तीचं बिल वजा होईल.