घोडी नवीन पागेत ठेवली, दोन महिन्यांचा अनुभव (बोर्डिंगचा रिव्ह्यू)

बोर्डिंगला (म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या पागेत) घोडा ठेवायच्या आधी मी खूप शोधलं पण कुठेच कोणी नीट सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून मीच लिहितेय. पाचपैकी चार स्टार, आणि एक स्टार का कापला तेही सांगते.

माझी घोडी तारा, वय 9, वजन साधारण 400 किलो. आधी मोकळ्या कुरणात एका म्हाताऱ्या घोड्यासोबत राहायची, आता एकदम वीसेक घोड्यांच्या पागेत आली. माझा प्लॅन असा की आठवडाभर तिला रुळू द्यायचं आणि मग लगेच ट्रेलवर, म्हणजे बाहेरच्या वाटेवर फेरी मारायला न्यायचं. पागेच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, आठवड्यात काही होणार नाही, आधी 21 दिवस वेगळं ठाण (घोड्याची बांधायची जागा), वेगळी बादली, वेगळा खरारा (अंग घासायचा ब्रश). मला तेव्हा राग आला होता खरं तर, घोडी धडधाकट आहे, डॉक्टरचा कागद आहे मग कशाला हे सगळं. पण त्यांनी समजावलं की स्ट्रँगल्ससारख्या (घोड्यांचा घशाच्या गाठी सुजवणारा संसर्गजन्य आजार) आजाराची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 3 ते 14 दिवस जातात, म्हणजे आज ठणठणीत दिसणारा घोडाही अख्ख्या पागेला आजार देऊ शकतो. रोज सकाळी ताप बघायचे, 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला की लगेच फोन करणार म्हणाले. कधी गेला नाही, पण वहीत रोजचा आकडा लिहिलेला असायचा आणि मी मागितली की वही दाखवायचे.

पहिली रात्र वाईट गेली. तारा ठाणात सतत फिरत होती, दर दोन मिनिटांनी खिंकाळायची, वैरणीला तोंड नाही लावलं आणि पाणी तर हुंगून सोडून दिलं. इथले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे काका (नाव लिहीत नाही, पण जे जातात त्यांना कळेल) रात्री दहा वाजता पुन्हा आले, तिचा वरचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदात परत येतो का ते पाहिलं, मग पोटाला कान लावून गुडगुड ऐकली. मग मला विचारलं, ताई, जुन्या जागेचं पाणी आणता येईल का दोन-तीन दिवस? मी दुसऱ्या दिवशी चार कॅन भरून आणले, त्यात रोज थोडं थोडं इथलं पाणी मिसळत गेलो आणि चौथ्या दिवशी ती इथलंच पाणी गटागटा प्यायली. एवढ्या वजनाची घोडी दिवसाला 20 ते 30 लिटर सहज पिते, पाणी तोडलं की लीद सुकते आणि पोटशूळ उठायला वेळ लागत नाही, घोड्याला उलटी करून मोकळं होता येत नाही हे विसरू नका.

चाऱ्याचंही तेच. जुनी वैरण 10 दिवस पुरेल एवढी सोबत आणायला लावली आणि रोज थोडी कमी करत नवीन वाढवली. आता इथेच तो एक स्टार गेला. दुसऱ्या आठवड्यात काका सुट्टीवर होते, बदली आलेल्या माणसाला कोणी सांगितलंच नाही की हिची चंदी (दाण्याचा खुराक) अजून अर्धीच आहे, त्याने बाकीच्यांसारखी पूर्ण माप दिली. संध्याकाळी मी गेले तर तारा पुढच्या पायाने जमीन उकरतेय आणि वळून वळून पोटाकडे बघतेय. नाडी मोजली तर मिनिटाला 52, एरवी ती उभी असताना 36 च्या आसपास असते. डॉक्टर तासाभरात आले, सुई दिली, खायला काही द्यायचं नाही म्हणाले, रात्री अकराच्या सुमारास लीद पडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी चूक मान्य केली, उगाच कारणं दिली नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ठाणाच्या दारावर खुराकाची पाटी लागली. पण ही पाटी आधीच हवी होती ना! नवीन घोड्याच्या बाबतीत तर नक्कीच.

21 दिवसांनंतर तिला एकदम कळपात नाही सोडलं. आधी कुंपणाच्या पलीकडे एक शांत म्हातारी घोडी, दोघी नाकाला नाक लावून हुंगायच्या, मग तारा किंचाळायची, पुन्हा हुंगायच्या. तीन दिवसांनी दोघींना एकत्र मोठ्या पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या मैदानात) सोडलं आणि वैरणीचे ढीग तीन ठेवले, दोघींसाठी तीन, म्हणजे एकीने हाकललं तर दुसरीला जायला जागा. एवढी साधी गोष्ट पण मला नसती सुचली.

ट्रेलची तयारी हा इथला सगळ्यात भारी भाग. सुरुवातीला खोगीरच नाही, म्होरकी (तोंडावर चढवायचा, लगामाशिवायचा पट्टा) आणि दोर घेऊन पायी फिरवायचं, रोज तोच रस्ता थोडा थोडा पुढे. रिंगणात निळी ताडपत्री टाकली होती. पहिल्या दिवशी तारा दहा पावलांवरूनच फुरफुरली, काका तिथेच थांबले, ओढलं नाही की मारलं नाही, तिने मान खाली घालून एक श्वास सोडला की लगेच मागे फिरवायचे, तेच तिचं बक्षीस. पाचव्या दिवशी एक खूर ताडपत्रीवर टेकवला, कडकड आवाज झाला तशी पाय उचलला, आणि मग स्वतःहून परत ठेवला. मी तिथे उभी राहून रडले.

खोगिराचंही सांगायलाच हवं. माझं जुनं खोगीर वरवर बरोबर बसलेलं वाटत होतं पण अर्धा तास चालवून उतरवलं तर घामाने भिजलेल्या पाठीवर आयाळ संपते त्या उंचवट्याच्या बाजूला तळहाताएवढा कोरडा डाग. काकांनी तो दाखवला, इथे दाब पडतोय म्हणून घाम आलाच नाही. ते खोगीर घालून त्यांनी पुढे नेऊ दिलं नाही, त्यांच्याकडचं दुसरं लावून बघितलं, तिसरं बसलं. मला दहा दिवस उशीर झाला पण तिची पाठ वाचली.

मागच्या रविवारी पहिली ट्रेल, 40 मिनिटं, सगळी चालत, दुडकीसुद्धा नाही. पुढे तीच म्हातारी घोडी, मधे एक घोडाभर अंतर, लगामाखाली म्होरकी तशीच ठेवलेली कारण लगामाने घोडा कधी बांधायचा नाही. दहा मिनिटांनी उतरून तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळायला लावला, तोवर दोन भोकं सैल झालाच होता. वाटेत ओढा लागला. पाणी घोट्याएवढंच पण तारा थबकली, मी रिकिबीत पाय हलके ठेवून नुसती बसून राहिले, म्हातारी घोडी पलीकडे जाऊन थांबली. दोनेक मिनिटं गेली असतील. मग ताराने मान खाली घातली, नाकाने पाणी हलवलं, आणि ओढ्यात उभी राहून प्यायली.