लाउगावेगुरसाठी मोबाइल की बटणांचं जीपीएस?

आइसलंडचा लाउगावेगुर ट्रेक ठरलाय, लाँडमन्नालाउगार ते थोर्समोर्क, साधारण 55 किलोमीटर. आता वाट शोधायला मोबाइलवरचा ऑफलाइन नकाशा पुरेल की बटणांचं वेगळं जीपीएस घ्यावं, या विचारात असाल तर माझा अनुभव सांगतो. मी दोन्ही नेली होती. कागदी नकाशा आणि होकायंत्र सॅकमध्ये आहेच असं धरून चालतो. होकायंत्र मात्र खडकावर टेकवून वाचू नका. ज्वालामुखीच्या खडकात लोहचुंबकी खनिज असतं, त्याने सुई भलतीकडे वळू शकते. छातीपाशी हातात धरलेलं बरं.

घरी बसून मार्ग आखायचा तर मोबाइलला तोड नाही. मोठा स्क्रीन, समोच्च रेषा स्पष्ट, आणि आइसलँडिक नावं शोधताना बोटं दुखत नाहीत. बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर निवडत ‘ह्राफ्न्तिन्नुस्केर’ लिहून बघा, म्हणजे कळेल. जीपीएसमध्ये नकाशे भरणं हेही किचकट काम आहे. माझी एक पूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

मग पहिला दिवस आला. ह्राफ्न्तिन्नुस्केरच्या कुटीपर्यंतची चाल जेमतेम 12 किलोमीटर, पण चढून हजार मीटरच्या वर जायचं. उन्हाळ्यातही वर बर्फाचे पट्टे असतात. वाट दाखवणारे लाकडी खुंट एरवी छान दिसतात. आम्हाला धुक्यात पुढचा खुंट दिसेना आणि बर्फावर पाऊलखुणा तीन दिशांना गेलेल्या. वरून आडवा पाऊस. मोबाइल काढला, हातमोजा दातांनी ओढून काढला, आणि स्क्रीनवर पडणारा प्रत्येक थेंब बोट असल्यासारखा नकाशा हलवू लागला. पुसला की झूम व्हायचा. एकदा नकाशा सरकत सरकत पार समुद्रात गेला. तो परत जागेवर आणेपर्यंत बोटं बधिर, आणि बॅटरी थंडीने भराभर उतरत चाललेली. जीपीएसवर मी मोजा न काढता दोन बटणं दाबली. बाण दिसला, निघालो.

माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. याच कुटीच्या अलीकडे एक स्मृतिस्थळ आहे. 2004 च्या जूनअखेरीस एक तरुण ट्रेकर तिथे वादळात सापडून गेला. कुटी फार लांब नव्हती. तिथून जाताना माझा हात आपोआप खिशातल्या जीपीएसवर गेला.

अर्थात, तुम्हाला चारही दिवस स्वच्छ हवा मिळाली तर हा सगळा फरक जाणवणारही नाही. जलरोधक पिशवीत घालून मोबाइल वापरणारेही भेटले. मला ते जमलं नाही, कदाचित तुम्हाला जमेल. चार्जिंगसाठी मात्र कुटींच्या भरवशावर राहू नका. माझ्या जीपीएसमध्ये पेन्सिल सेल होते, लिथियमचे. एक जोडी बदलली, बाकी काही नाही.

नद्यांच्या बाबतीत दोन्ही सारखीच मुकी. ब्लाउफ्यात्लाक्वीस्लपाशी ट्रॅकची रेघ सरळ पाण्यात शिरते, पण ती कोणीतरी कधीतरी ओलांडली ती जागा. पात्रं बदलतात, उन्हाच्या दिवशी हिमनदीचं पाणी संध्याकाळी वाढतं. तिथे काठाने वर-खाली फिरून पाणी पसरट कुठे आहे ते स्वतः बघायचं.

थोर्समोर्कवरून पुढे फिम्मवॉर्दुहाउल्स ओलांडून स्कोगारला जाणार असाल, तर नकाशा केव्हाचा आहे ते तपासा. 2010 च्या उद्रेकात तिथे माग्नी आणि मोदी हे दोन नवे शंकू उभे राहिले आणि जुन्या वाटेचा काही भाग लाव्हाखाली गेला. माझ्या जीपीएसमधला नकाशा त्याआधीचा निघाला, म्हणून तो टप्पा मोबाइलवर केला. त्या दिवशी ऊन होतं.