मंडळीची आरोग्यसेवा: वर्षातून एक शिबिर की बारा महिने सेवागट?

पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, आरोग्याचा विषय निघाला की पहिला ठराव बहुधा शिबिराचा होतो. ओळखीचे डॉक्टर येतात, दिवसभरात पुष्कळ लोक तपासून होतात, वार्षिक अहवालात नोंद पडते. दुसरा मार्ग सेवागटाचा, तो कमी दिसणारा आहे: मंडळीतल्या चार-पाच जणांना शिकवून तयार करायचं, त्यांनी उपासनेनंतर बीपी-शुगर तपासायची आणि आठवड्यात गरजूंच्या घरी जायचं. पैसा आणि माणसं दोन्हींना पुरत नसतील, तर निवड आजारावरून करावी.

एकदाच उपचार करून सुटणाऱ्या गोष्टींसाठी शिबिर उत्तम. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की आजी पुन्हा स्वतःचं बायबल वाचू लागते. चष्मा, दातांची तपासणी, रक्तदान हेही शिबिरातच सोयीचं. मात्र शस्त्रक्रिया कुठे होणार, गाडी कोण देणार, सोबत कोण थांबणार, हे रुग्णालयाशी आधी ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल तर तारीख पुढे ढकला.

बीपी, मधुमेह, दारू, नैराश्य यांचं तसं नाही. शिबिरात कुणाचं बीपी १६०/१०० निघतं, त्याला चिठ्ठी मिळते आणि पुढे महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. शिवाय उन्हात रांगेत उभं राहून, वर चहा घेऊन मोजलेला आकडा भरवशाचा नसतो. रविवारच्या तपासणीत हे सांभाळता येतं. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. वेगवेगळ्या रविवारी आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांकडे पाठवायचं. १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय किंवा बोलणं अडखळतंय, तर तडक रुग्णालय. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं हे सेवागटाचं काम नाही. पुढच्या रविवारी “मावशी, गोळ्या संपल्या का?” एवढं विचारणं मात्र त्यांचंच काम, आणि खरा फरक त्यानेच पडतो.

हे साध्या माणसांना जमतं का, या शंकेला आपल्याच महाराष्ट्रात उत्तर आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, बाळाचं पोषण, स्वच्छ पाणी, क्षयरोग आणि कुष्ठरोग हे सगळं या बायकांनी हाताळलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालयही लागतंच, मिरजेला डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकात उभं केलेल्या मिशन रुग्णालयाने ते काम अनेक दशकं केलं. पण रुग्णालयाच्या दारापर्यंत माणूस वेळेवर पोचायला शेजारचं कुणीतरी लागतं.

सेवागटाचे धोकेही आहेत, आणि मला सर्वात मोठा वाटतो तो गुप्ततेचा. मंडळीत सगळे एकमेकांना ओळखतात. कुणाला क्षयरोग आहे, कुणाचा मुलगा पितो, हे प्रार्थनेच्या विनंतीतून सगळ्यांसमोर आलं तर पुन्हा कुणी तपासायला येणार नाही. त्यामुळे वही कुलपात ठेवा आणि संमतीशिवाय पाळकांनाही नाव सांगू नका. दुसरं, प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन थांबवणारे लोक असतात. प्रार्थना करा आणि औषधही घ्या, हे पाळकांनी व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला हवं. तिसरं, शेजारपाजारचे इतर धर्मांचे लोक आले तर त्यांचीही तशीच तपासणी व्हावी, उपासनेची किंवा प्रार्थनेची कसलीही अट न घालता.

खर्चाचं म्हणाल तर बीपीचं मशीन एकदाच घ्यायचं असतं. शुगरच्या पट्ट्या मात्र सतत लागतात, त्यासाठी दानार्पणातून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याला सरकारी दवाखान्यात न्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत.

मंडळीत म्हातारी माणसं जास्त आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय तयार असेल, तर यंदा डोळ्यांचं शिबिर घ्या. बाकी कुठल्याही मंडळीला मी सेवागटच सुचवेन. निवृत्त परिचारिका जवळपास प्रत्येक मंडळीत सापडते; आधी तिला विचारा.