मोठ्या आतड्याच्या कामासाठी मिन उंदीर मागवण्याआधी

अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीतून आम्ही मिन उंदीर (जन्मापासूनच आतड्यात गाठी होण्याकडे कल असलेला वाण) मागवले, त्याला तीन वर्षं झाली. कॅन्सर अगदी सुरू होताना आतड्याच्या पेशीत काय बिघडतं ते मला बघायचं होतं. त्यासाठी हा उंदीर मी आजही कुणालाही घ्यायला सांगेन. मात्र अडचण कुठे येते ते आधी माहीत असू द्या.

वाण जुना आणि भरवशाचा. 1990 मध्ये मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून तो पुढे आला. अ‍ॅप्क जीनच्या (हा गाठींना आवर घालतो) एका प्रतीत 850 व्या कोडॉनवर (प्रथिनाचा एक घटक सांगणारी तीन अक्षरं) ‘थांबा’ची खूण पडलेली असते, त्यामुळे प्रथिन अर्धवटच बनतं. जोडी लावताना नर मिन आणि मादी साधी बी-सिक्स (प्रयोगशाळेतला नेहमीचा उंदीर), हे पक्कं. मिन मादीच्या गाठींतून रक्त जात राहतं, पंजे पांढरे पडतात, गर्भारपण तिला झेपत नाही.

खरी अडचण ही, की गाठी येतात डझनांनी, पण छोट्या आतड्यात. कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्यात, मोजक्याच. आमच्या पहिल्या खेपेत काही उंदरांच्या कोलनमध्ये एकही नव्हती, महिन्यांची वाट पाहणं वाया गेलं. मग पिण्याच्या पाण्यातून थोडे दिवस डीएसएस हे रसायन दिलं, तेव्हा कोलनमध्ये गाठी धरल्या. पण डीएसएसने आतडं सुजतं आणि नुसत्या सुजेनेही आम्ही तपासत होतो ते मिथिलेशन (डीएनएवरच्या, जीन चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा) बदलतं. म्हणून त्याच विणीतल्या, मिन नसलेल्या भावंडांनाही तेच पाणी द्या. नाहीतर सुजेचा बदल कुठला आणि गाठीचा कुठला, हे कधीच कळणार नाही.

कोलन उभं चिरून, थंड बफरने धुऊन, मिथिलिन ब्लू लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की मोहरीएवढी गाठसुद्धा दिसते. तिचा डीएनए जेलवर चालवून तुकडे वेगळे केले तेव्हा मिनची, म्हणजे बिघडलेल्या प्रतीची, पट्टी ठळक होती आणि चांगल्या प्रतीची फिकट. पूर्ण जात नाही, कारण गाठीत निरोगी पेशी मिसळलेल्या असतातच. उरलेली चांगली प्रत गळाल्याची ती खूण! त्या रात्री मी घरी उशिरा गेले, पण फार आनंदात.

मिथिलेशनचं काम मात्र जिकिरीचं. ते ओळखायला वापरतात त्या बायसल्फाइट रसायनाने डीएनएचे तुकडे होतात, मोहरीएवढ्या गाठीत हाती फारसं उरत नाही. एन्झाइमवाली पद्धत आम्हाला जास्त मानवली. पण हे कष्ट सोसण्यासारखे आहेत. 1995 मध्ये याच उंदरात डीएनएमटी-1 या मिथिलेशन करणाऱ्या एन्झाइमच्या जीनची एक प्रत काढून वर मिथिलेशन रोखणारं औषध दिलं, तेव्हा सरासरी 113 पॉलिपांचे (गाठींचे) 2 उरले होते. म्हणजे बिघाड नुसता जीनच्या अक्षरांत नाही.

एक राहिलं: वाण बी-सिक्सच ठेवा. एकेआर या दुसऱ्या वाणाशी संकर केला की त्यातल्या मॉम-1 या जीनमुळे गाठी कमी होतात, आणि आधीच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही.