भांडी घासायला राख की चिंच?

जुन्या खेड्यातल्या मोरीत रोजचा मान राखेचा. चूल सकाळ-संध्याकाळ पेटायची, त्यामुळे राख आयती आणि फुकट. मात्र थेट चुलीतून उचलून चालत नसे. आधी चाळून कोळशाचे बारीक तुकडे काढायचे, नाहीतर भांड्यावर ओरखडे उठत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओली राख नारळाच्या शेंडीने चोळली की तेलकटपणा सुटतो तो त्या क्षारामुळे, आणि उरलेलं काम तिच्या खरखरीतपणाचं. खरकट्या, ओशट भांड्यांना राखेला तोड नाही. पातेलं चुलीवर ठेवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या राखेचा लेप दिला, तर काजळी लेपासकट निघून येई. हात मात्र कोरडे पडत, आणि कल्हईच्या भांड्यात राख जोर लावून घासली की कल्हई लवकर उडे.

चिंचेचं काम वेगळं. तांब्या-पितळेवर चढलेला काळपटपणा राखेने नुसता फिका होतो. चिंचेतलं आम्ल तो विरघळवून टाकतं. त्यासाठी चांगली चिंच कोण वापरणार? आमटीसाठी कोळ काढून उरलेला चोथा, नाहीतर जुनी काळी पडलेली चिंच. कोकणात आमसुलंही चालतात. फक्त लगेच धुऊन कोरडं पुसायला हवं, नाहीतर डाग राहतात.

माझा कौल रोजच्या भांड्यांना राखेला. समया, घागरी, देवाची उपकरणी मात्र चिंचेनेच घासावीत.