गाडीत कॅमेरा लावायला करून घेतलेला हेडरेस्ट माउंट, वापरून सांगते

मी नाशिकमध्ये गाडी शिकवते, बहुतेक बायका आणि कॉलेजच्या मुली. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या बाजूलाच क्लास असतात. शिकणारीला तिचे हात, गिअर, आरसा बघणं हे नंतर दाखवता आलं ना, की दहा वेळा सांगून जे डोक्यात जात नाही ते एका व्हिडिओत जातं. म्हणून गाडीच्या आत, दोन सीटच्या मधोमध, मागून पुढे बघणारा कॅमेरा हवा होता. त्यासाठी शेवटी सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून माउंट करून घेतला, बरेच महिने वापरतेय, आणि बरेच जण विचारतात म्हणून सगळं लिहून टाकते.

आधी विकतचं काय होतं ते. काचेला चिकटणारा सक्शनवाला घेतला होता, कंपनीचं नाव नको. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी गोल्फ क्लबजवळ उभी करून आलं की रबर मऊ होऊन कॅमेरा खाली पडलेला असायचा. आणि काचेवरून शिकणारीचा चेहरा दिसतो, हात आणि गिअर नीट दिसतच नाहीत. नंतर ओळखीच्या एका मुलाने थ्रीडी प्रिंटरवर छान माउंट करून दिला, पण तो पीएलए प्लास्टिकचा. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. तो वाकला. प्रिंटच करायचं असेल तर निदान एबीएस मध्ये करा, ते 100 च्या आसपासपर्यंत तग धरतं.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. ॲक्शन कॅमेऱ्याचं (गोप्रोसारखा छोटा कॅमेरा) स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणारं चित्र आपोआप स्थिर करायची सोय, गाडीच्या आत बंद ठेवावं लागतं. गाडी वळली की कॅमेऱ्याला वाटतं आपणच वळलो, म्हणून तो चित्र उलट्या बाजूला सरकवून सावरायला बघतो, आणि मग प्रत्येक वळणाला स्टिअरिंग, डॅशबोर्ड, शिकणारीचे हात सगळं एका बाजूला वाहत जातं आणि परत येतं. मला तर नेमकं वळणावरचंच हवं असतं. म्हणजे स्टॅबिलायझेशन बंद, आणि ते बंद केलं की माउंटमधली प्रत्येक थरथर व्हिडिओत उतरते, वर सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो त्यामुळे बारीक थरथर असेल तर सरळ रेषासुद्धा जेलीसारख्या हलतात. थोडक्यात गाडीच्या आत सगळा खेळ माउंटच्या ताठपणाचा आहे, कॅमेरा महागातला घेऊन हे सुटत नाही.

सुरुवातीला मनात होतं की दोन्ही सीटच्या हेडरेस्टला जोडणारा एकच आडवा दांडा टाकू, दोन्ही बाजूंनी आधार म्हणजे भक्कम. पण माझ्याकडे उंच, बुटकी, सगळ्या येतात आणि ड्रायव्हर सीट दर क्लासला मागेपुढे होते, दांडा जोडलेला असेल तर सीट सरकणारच कशी. वर्कशॉपवाल्या काकांनी हे ऐकून लगेच सांगितलं, "ताई, तुमचीच सीट धरा, ती कुठे हलतेय." माझ्या, म्हणजे डाव्या सीटच्या हेडरेस्टचे दोन्ही रॉड पकडायचे आणि तिथून मधोमध छोटा हात काढायचा. हात छोटाच हवा, कारण लांबी दुप्पट केली की टोकाला तेवढ्याच वजनाने आठपट वाकतो. आमचा 12 सेंटीमीटर आहे, त्यात स्टिअरिंग, गिअर, आतला आरसा आणि समोरचा रस्ता सगळं येतं.

केलंय ते असं. ॲल्युमिनियमची 40 मिमी रुंद, 10 मिमी जाड पट्टी. ती झोपवून न लावता उभी लावली, म्हणजे 40 ची बाजू वरखाली. गाडी खड्ड्यात वरखालीच आपटते आणि पट्टी उभी केली की त्या दिशेला 16 पट ताठ होते, एक पैसा जास्त न देता. रॉड धरायला डेलरिनचे, म्हणजे एका कडक प्लास्टिकचे, दोन ठोकळे. काकांनी व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून रॉडचा व्यास घेतला, ठोकळ्याला तेवढंच भोक पाडलं आणि मग हॅक्सॉने मधून दोन फाका केल्या, त्या कापण्यात जी फट पडते ना तीच आवळायला कामी येते. एका गाडीचं माप दुसऱ्या गाडीला चालेल असं धरू नका, रॉडची जाडीही वेगळी आणि दोन रॉडमधलं अंतरही वेगळं. मी क्रोम खरवडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत घालू का विचारलं तर ते नको म्हणाले, रबर आलं की परत थरथर आली, डेलरिन तसंही रॉडला ओरखडा पाडत नाही. एवढे दिवसांनी काढून बघितलं, रॉड कोरा आहे.

कॅमेऱ्याचा बोल्ट हा विषय नीट समजून घ्या. कॅमेऱ्याच्या बुडाला असतो तो ट्रायपॉडचा आटा दोन सुती, म्हणजे पाव इंची, इंचाला 20 आटे. हार्डवेअरवाला जवळपास तसाच दिसणारा एम6 हातात ठेवतो, तो 6 मिमीचा आणि आटे 1 मिमी अंतरावर, कॅमेऱ्याचे 1.27 वर. एम6 आत सैलसर जातो, दोन फेरे धरतोसुद्धा, आणि कॅमेऱ्याचे आटे खाऊन टाकतो. रविवार कारंजाजवळ घेताना दोन सुती असं स्पष्ट मागितलं तर बरोबर मिळाला. बोल्ट कॅमेऱ्यात 5 मिमीपेक्षा आत जाऊ देऊ नका, बुडाला टेकून आवळला तर आतलं फुटतं. बाकी सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले), साधे नट थरथरीने आठवड्यात सैल होतात.

आता चालतो कसा. शहरातल्या रस्त्यांवर, स्पीडब्रेकरवर, द्वारका चौकाच्या गर्दीत क्लच-ब्रेक करताना, एकदम स्थिर. घरच्यांबरोबर वणीला गेलो तेव्हा नांदुरीचा घाट पूर्ण रेकॉर्ड केला, एकेका वळणाला हात कसे फिरतात ते स्वच्छ दिसतं, तो व्हिडिओ मी आता शिकवायला वापरते. समृद्धीवर इगतपुरीच्या बोगद्यात मात्र काँक्रीटची बारीक गुणगुण जाणवली, अगदी थोडी, पण आहे. पेठ रोडला आरटीओच्या टेस्टच्या आधी आठचा आकडा घेण्याची प्रॅक्टिस मी याच्यावरच दाखवते, आणि बायकांचा धीर यानेच वाढतो, आपण बरोबर वळवलं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढच्या वेळी हात कापत नाहीत. शूटिंगला प्रत्येकीची आधी परवानगी घेते, ते तुम्हीही घ्याच.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. मागे बसणाऱ्याच्या तोंडासमोर धातूचं टोक येतं. मी कडा गोल करून वर प्लास्टिकची टोपी बसवून घेतली, तरी कॅमेरा लावलेला असताना मागे कुणालाही बसवत नाही, लहान मुलांना तर नाहीच. ठोकळ्यांसाठी हेडरेस्ट एक खाच वर उचलावा लागतो, बुटक्या माणसाला तो डोक्याच्या मागे नीट येतो का ते बसून बघा. कॅमेऱ्याला एक वेगळी दोरी रॉडला बांधलेली ठेवा, जोरात ब्रेक लागला आणि बोल्ट सुटला तर तो दगडासारखा पुढे जाईल. आणि असलं काही ए-पिलरला (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) किंवा छताच्या कडेला बसवायचा विचार करू नका, कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, तिथूनच उघडते. फोन लावणार असाल तर हेही बघा, ॲपलने 2021 मध्ये स्वतः सांगितलंय की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. गाडीत तेवढी थरथर नसते, तरी मी रोजच्या कामाला जुना ॲक्शन कॅमेराच ठेवलाय.

खर्च पट्टी, डेलरिन, मजुरी, नटबोल्ट धरून 900 च्या आत. काकांनी पट्टी कटपीसमधली वजनावर दिली, एक भोक पाव मिलिमीटर मोठं पडलं तर तो ठोकळा बाजूला टाकून दुसरा केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. फोनवर माप सांगून काम करत नाहीत, शनिवारी बंद असतं, आणि मोठी ऑर्डर चालू असेल तर चार दिवस थांबावं लागतं. जाताना गाडी घेऊनच जा, नाहीतर निदान हेडरेस्ट उपसून बरोबर न्या, ते रॉड हातात घेतल्याशिवाय मशीन सुरूच करत नाहीत.