निक अझीझ की लिम चोंग यू? अभ्यासाला एकच घ्यायचा असेल तर

मलेशियाच्या राजकारणावर वाचायला घेतलं की महाथीर आणि अन्वर या केंद्रातल्या दोन बड्या नेत्यांतच सगळा वेळ जातो. पण राज्यपातळीवरचा एखादा माणूस धरून सेमिनार द्यायचा असेल किंवा वाचनगटात तासभर बोलायचं असेल तर फिरून फिरून दोनच नावं समोर येतात, केलांतान राज्याचे एकेकाळचे मुख्यमंत्री निक अझीझ आणि पेनांग राज्याचे लिम चोंग यू. मी दोघांवरही बोललोय, आधी निक अझीझ आणि वर्षभराने लिम, म्हणून विचारणाऱ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो.

जोडी मस्त जमते हे आधी सांगतो. लिम 1969 ते 1990, निक अझीझ 1990 ते 2013, दोघंही वीस वर्षांच्या वर मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीत. आणि ऑक्टोबर 1990 च्या त्या एकाच निवडणुकीत इकडे लिम स्वतःच्या पाडांग कोटा मतदारसंघात विरोधी पक्षाच्या लिम किट सियांगकडून हरले, तिकडे केलांतानमध्ये पास हा निक अझीझ यांचा इस्लामी पक्ष आणि सेमांगात 46 हा दुसरा पक्ष यांच्या आघाडीने विधानसभेच्या 39 च्या 39 जागा घेतल्या आणि निक अझीझ मुख्यमंत्री झाले.

निक अझीझ आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगायला सोपे जातात. 1931 चा जन्म, कोटा भारूजवळचं पुलाउ मेलाका गाव, आणि तरुणपणी पाच वर्षं चक्क आपल्या भारतातल्या देवबंदच्या मदरशात शिकायला, मग लाहोर, मग कैरोचं अल अझहर. देवबंद म्हटलं की खोलीतले सगळे सरसावून बसतात. 1967 च्या पोटनिवडणुकीत खासदार झाले आणि शेवटपर्यंत एकच पक्ष, त्यामुळे गोष्ट कुठे तुटत नाही. मुख्यमंत्री झाल्यावरही गावातल्या त्याच लाकडी घरात राहिले, पगारातला हिस्सा देऊन टाकायचे, खासगी कामासाठी कोणी आलं की ऑफिसचा दिवा बंद करायचे असंही सांगतात. माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, हे आधी सांगून ठेवतो कारण पुढचं वाचून गैरसमज नको.

माझा सगळा वैताग त्या घराचाच आहे. मी पन्नास मिनिटं बोललो, त्यात 1993 चा हुदूद म्हणजे इस्लामी शिक्षांचा कायदा होता, तो विधानसभेत मंजूर होऊनही फौजदारी कायदा केंद्राच्या हातात असल्याने अमलात का आला नाही ते होतं, तेलाच्या रॉयल्टीवरून केंद्राशी चाललेलं भांडण होतं, 2004 ला 45 पैकी 24 जागांवर सत्ता जेमतेम कशी टिकली ते होतं, आणि प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न काय तर घरात खोल्या किती. दुसरा, अजून ते घर बघायला मिळतं का. तिसऱ्यांनी प्रश्न विचारलाच नाही, आपल्याकडे असे पुढारी राहिले नाहीत असं म्हणून खाली बसले. साध्या राहणीच्या पुढाऱ्याबद्दल आपल्या मनात इतका जिव्हाळा आहे की तिथे पोचलो की आपण पुढचं विचारतच नाही. बावीस वर्षांत राज्यात रोजगार किती आले, केलांतानची तरुण मुलं क्वालालंपूरच्या बसमध्ये का बसतात, सुपरमार्केटात बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या लावल्या त्याबद्दल तिथल्या बायकांना काय वाटतं, एकानेही विचारलं नाही. आणि मी तयारी करतानाही तेच केलं होतं हे नंतर नोट्स चाळताना दिसलं, निम्मी पानं साधेपणावरच. तुम्ही कदाचित यातून वाट काढाल, मला नाही जमलं.

लिम याच्या अगदी उलट, सुरुवातीला कोरडे वाटतात. एडिंबराला शिकलेले डॉक्टर, एमसीए या चिनी समाजाच्या पक्षाचे अध्यक्ष, 1959 ला सत्ताधारी आघाडीचे नेते तुंकू अब्दुल रहमान यांच्याकडे संसदेच्या 104 पैकी 40 जागा पक्षाला लढवायला मागितल्या आणि त्या वादात अध्यक्षपद गेलं. मग यूडीपी हा नवा पक्ष, मग 1968 ला गेराकान हा आणखी एक, मग 1972 ला ज्यांना हरवून राज्यात सत्तेत आले त्याच केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीबरोबर हातमिळवणी. पक्षांची एवढी नावं सांगताना दमछाक होते, एक चार्ट काढूनच जा. पण त्यांनी पेनांग हातात घेतलं तेव्हा फ्री पोर्टचा म्हणजे करमुक्त बंदराचा दर्जा गेला होता, हाताला काम नव्हतं. 1972 ला पेनांगमधल्याच बायान लेपासला फ्री ट्रेड झोन, त्याच वर्षी भाताच्या शेतांत इंटेल, पाठोपाठ एएमडी, एचपी, हिताची, बॉश.

मी स्वतः दोन वर्षं बायान लेपासला नोकरी केली. टीममधल्या एकीची आई सत्तरच्या दशकात शेजारच्या केदाह राज्यातल्या खेड्यातून येऊन तिथेच वायर बाँडिंगच्या लाइनवर लागली होती, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून केसाहून बारीक तारा जोडायच्या, आणि मुलगी त्याच भागात डिझाइन इंजिनिअर. मला आकडेवारी मांडायची नाहीये पण माझ्यापुरता हा पुरावा खूप होता. सगळंच गोड आहे असंही नाही, कोमतार या 65 मजली टॉवरसाठी पेनांगची राजधानी जॉर्ज टाउनमधली जुनी वस्ती उठली आणि तिथले जुने लोक अजून त्याबद्दल हळहळतात. ते पण घ्या बोलताना, वजन वाढतं.

तुमचा विषय धर्म आणि राज्यकारभार असेल किंवा केंद्रात विरोधी पक्ष आणि राज्यात सत्ता ही अडचण समजून घ्यायची असेल तर निक अझीझच घ्या, तिथे त्यांना तोड नाही. बाकी कुठल्याही कारणासाठी मी लिमकडे झुकेन, थोडी मेहनत जास्त पडली तरी.

लिमवर बोललो त्या दिवशी पहिला प्रश्न एका रिटायर्ड पीडब्ल्यूडीवाल्या काकांचा होता. 1972 ला लिम आघाडीत गेले नसते तर केंद्राने 1985 ला पेनांग बेट मुख्य भूमीला जोडणारा तो साडेतेरा किलोमीटरचा पूल बांधून दिला असता का? एक बाजू म्हणाली मुळीच नाही, दुसरी म्हणाली मग मतदारांनी 1969 ला विरोधी पक्ष म्हणून दिलेल्या मताचं काय, आणि वॉचमनने लाइट घालवेपर्यंत कोणी उठलं नाही.